वृद्धिकारकांचे ग्राही आणि गुणसूत्रांवरील त्यांची स्थाने

म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत फळमाशीच्या गुणसूत्रांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. तेथे अभ्यासिल्या गेलेल्या नासुता माशीच्या पेशीत 8, तर तिच्या निकटच्या अल्बोमिकान्स माशीच्या पेशीत 6 गुणसूत्रे असतात. जनुकांचा संच बव्हंशी तोच. एकीत सुटी असलेली गुणसूत्रे दुसरीत जोडली गेली आहेत. जनुकाचे स्थान बदलले तरी त्याचे कार्य टिकू शकते, हे यावरून दिसते. मग स्थान शोधण्याचे प्रयोजन काय? वृद्धिकारकांच्या ग्राहींचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

वृद्धिकारक हे पेशीस वाढीचा निरोप देणारे प्रथिन. पेशीच्या पृष्ठभागावर तो निरोप स्वीकारणारे प्रथिन म्हणजे ग्राही. मानव व उंदीर यांच्या पेशींचा संयोग घडवून आणल्यास संकर पेशींतून मानवी गुणसूत्रे क्रमाने गळत जातात. ज्या गुणसूत्राबरोबर मानवी ग्राहीही नाहीसा होतो, त्यावर त्याचे जनुक असले पाहिजे. या युक्तिवादाने 1980 साली बाह्यत्वचेच्या वृद्धिकारकाच्या ग्राहीचे जनुक 7 क्रमांकाच्या गुणसूत्रावर असल्याचे ठरले. फळमाशीत या कुलाचे एकच जनुक आहे. मानवात चार असून ती 7, 17, 12 व 2 या गुणसूत्रांवर विखुरली आहेत. याउलट दुसऱ्या एका कुलातील तीन जनुके 4 क्रमांकाच्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आढळतात. मूळ जनुकाच्या प्रती होत कुल विस्तारले, याची ही खूण होय. पोथ्यांची वंशावळ लावणाऱ्या अभ्यासकास ही विचारपद्धती परकी वाटणार नाही.

स्थाननिश्चितीचे व्यावहारिक मोल पुढे प्रत्ययास आले. हंटिंग्टनच्या मेंदूविकाराचे जनुक 4 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाजवळ शोधीत असता 1991 साली तंतुजनक पेशींच्या वृद्धिकारकाचा तिसरा ग्राही तेथे सापडला. त्या विकारास मात्र दुसरेच जनुक कारण असल्याचे 1993 साली सिद्ध झाले. 1994 साली आखूड हातापायांच्या जन्मजात बुटकेपणाचे मूळ, बाधित कुटुंबांच्या अभ्यासातून, त्याच टोकाशी असल्याचे कळले. तेथील ग्राही आधीच नोंदलेला असल्याने कारण त्याच वर्षी उलगडले: बहुतेक सर्व रुग्णांत या ग्राहीच्या 380 व्या स्थानी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन असते. त्यामुळे ग्राही अतिसक्रिय होतो आणि हाडांची लांबी वाढू देत नाही. या संदेशाचा जोर कमी करणाऱ्या व्होसोरिटाइड या औषधास 2021 साली युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

स्थानावरून जनुकाचे कार्य कळत नाही, हे खरे. परंतु ते कोठे शोधावे, हे स्थानामुळेच कळते.