न विणलेल्या कापडाची मागणी व शेतकऱ्याचा हिशेब

पौष-माघात चिकलठाण्याच्या आसपास फिरणाऱ्यास हल्ली काही शेतांत टरबुजाच्या ओळींवर पांढरे पातळ कापड कमानीसारखे ताणलेले दिसते. पूर्वी शेतात कापड दिसे ते बुजगावण्याच्या अंगावर. हे नवे कापड पाहून आपल्या संघातील तरुण सभासद दोन प्रश्न वारंवार विचारतात. ते शेतासाठी विकत घ्यावे काय, आणि त्याच्या पिशव्या वगैरे करण्याचा जोडधंदा काढावा काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ह्या कापडास गिऱ्हाईक कोण, आणि ते कोणत्या कारणाने येते, हे आधी जाणले पाहिजे.

१. हे कापड कसे होते

मागावरच्या कापडात ताणा व बाणा असतो. ह्या कापडात दोन्ही नाहीत. पण ही कल्पना आपणांस अगदी परकी नव्हे. पूर्वी पिंजारी लोक लोकर पसरून, भिजवून व दाबून बुरणूस करीत. त्यासही माग लागत नसे. आजच्या कापडात बहुधा लोकरीच्या जागी पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे खनिज तेलापासून होणारे प्लॅस्टिक, असते. त्याचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून तंतू काढतात, ते वाऱ्याने ताणून चालत्या पट्ट्यावर पसरतात, आणि तापलेल्या रुळांखाली ठिकठिकाणी चिकटवितात. ह्यास स्पनबॉन्ड म्हणतात. काटेरी सुयांनी टोचून गुंतविलेला दुसरा जाड प्रकार रस्त्याच्या भरावाखाली व शेततळ्याच्या अस्तराखाली घालतात. वितळलेला रस गरम वाऱ्याच्या झोताने फुंकून केलेला तिसरा, फार बारीक तंतूंचा प्रकार मुखपट्टीच्या मधल्या थरास लागतो. सूत कातणे व विणणे ही दोन्ही कामे वगळली गेल्यामुळे कापड स्वस्त पडते. परंतु खनिज तेलाचा भाव हलला की त्याचाही भाव हलतो.

२. मागणीचे तीन प्रकार

पहिली मागणी नित्याची. जगात स्पनबॉन्ड कापडाचा सर्वांत मोठा खप स्त्रियांचे पॅड व लहान मुलांचे लंगोट ह्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ५८ जणी मासिक पाळीत स्वच्छ साधने वापरीत असल्याचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ७७ झाले. जुलै २०१८ मध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर उठविला गेला. अशी मागणी हळूहळू वाढते, पण एकदा लागलेली सवय सहसा सुटत नाही.

दुसरी मागणी आपत्तीची. करोनाच्या साथीपूर्वी देशात अंगभर संरक्षक पोशाख जवळजवळ होतच नव्हते. मे २०२० मध्ये दररोज दोन लाख होऊ लागले. साथ ओसरली तशी ती मागणीही ओसरली. पुराच्या पाण्यावर बागायत बेतता येत नाही, तसाच हा प्रकार.

तिसरी मागणी कायद्याची. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीस विरोध वाढला तेव्हा न विणलेली पिशवी तिच्या जागी आली, कारण ती दिसावयास कापडासारखी होती. परंतु महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या पिशवीवरही बंदी घातली. पुढे केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमहून हलकी अशी पिशवी मना केली, आणि २०२२ च्या अखेरीस आपल्या राज्यानेही ६० जीएसएमवरील पिशवीस मोकळीक दिली. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. एक किलोत ३० जीएसएमचे कापड सुमारे ३३ चौरस मीटर येते; ६० जीएसएमचे १७ मीटरही येत नाही. म्हणजे एका नियमाने दर पिशवीचा कच्चा माल दुप्पट झाला.

३. स्वतःचा एक अनुभव

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. २०१७ साली माझ्या पुतण्याने पिशव्या करण्याचे यंत्र कर्जाने घेतले. मी तेव्हा मुलकी खात्यात कारकून होतो. घरात लिहिणारा-वाचणारा वडील माणूस म्हणून त्याने मला विचारले. मी बाजारात दोन-चार दुकाने फिरलो, पिशवीचा खप पाहिला आणि जामीनपत्रावर सही केली. वर्षाच्या आत बंदी आली. यंत्र निम्म्याहून कमी किमतीस गेले, व उरलेले हप्ते पुतण्याने व मी मिळून फेडले. त्यात त्याच्या थोरल्या मुलीचे शिक्षण एक वर्ष अडले, ह्याची खंत मला अद्याप आहे.

चूक त्याची नव्हती; माझी होती. खप किती एवढेच मी पाहिले. तो कशावर उभा आहे हे पाहिले नाही. वास्तविक पीकपाहणीच्या नोंदी उतरविताना हेच मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. एका साली कांद्यास भाव आला की दुसऱ्या साली गावोगाव कांदाच. दुसऱ्यांच्या वहीत दिसलेली गोष्ट स्वतःच्या घरी विसरलो.

४. शेतातील उपयोग व त्याचा हिशेब

शेतकऱ्याची स्वतःची मागणी चौथी म्हणावी लागेल. जळगावकडे केळीच्या घडास ह्या कापडाची पिशवी घालतात; डाळिंबावर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून झाडे झाकतात; टरबूज-खरबुजाच्या कोवळ्या वेलांस पांढरी माशी व फुलकिडे ह्यांपासून वाचवितात. हे रस शोषणारे किडे रोगही पसरवीत असल्यामुळे पहिला महिना सांभाळणे महत्त्वाचे. मात्र मादीफुले दिसू लागताच आच्छादन काढावे. मधमाशी आत न गेल्यास फळ धरणार नाही.

आता हिशेब. ओळींत ६ फूट अंतर असल्यास एकरात ओळींची लांबी सुमारे २,२१० मीटर भरते. १.६ मीटर पन्ह्याचे कापड धरल्यास ३,५३६ चौरस मीटर लागेल, आणि १७ जीएसएमच्या दराने त्याचे वजन सुमारे ६० किलो होईल. ह्यास आपल्या गावचा भाव लावावा, कमानीची तार व मजुरी मिळवावी, आणि वाचणाऱ्या फवारण्यांशी ताडून पाहावे.

घेताना गुंडाळी तोलून घ्यावी. ४०० मीटर लांब व १.६ मीटर रुंद गुंडाळी म्हणजे ६४० चौरस मीटर. १७ जीएसएमची असेल तर आतील नळीखेरीज १० किलो ८८० ग्रॅम भरली पाहिजे. ९ किलो ६०० ग्रॅम भरली तर कापड १५ जीएसएमचेच आहे. ऊन सोसण्याचे औषध कापडात घातले आहे की नाही हेही विचारावे व पावतीवर लिहून घ्यावे. ते नसल्यास कापड उन्हाने ठिसूळ होऊन लवकर फाटते. फाटलेले तुकडे नांगराखाली घालू नयेत व जाळू नयेत.

ही मागणी सर्वांची एकाच हंगामात येते, आणि फळास भाव असला तरच वाढते. म्हणून एकट्याने पौषात दुकानी धावण्यापेक्षा संघाने भाद्रपदातच सभासदांची गरज टिपून एकत्र खरेदी करावी.

५. आपल्या कापसाचे काय

ह्या कापडामुळे मराठवाड्याच्या कापसास नवे गिऱ्हाईक मिळेल काय, असेही विचारतात. स्वच्छ केलेला कापूस पाण्याच्या धारांनी गुंतवून पुसण्याची व दवाखान्यातील फडकी होतात खरी. पण बहुतेक न विणलेले कापड कृत्रिम तंतूंचेच असते. ह्या आशेवर कापसाचा पेरा वाढवू नये.

ज्यांस धंद्यातच उतरावयाचे आहे त्यांनी आधी इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेतील न विणलेल्या कापडाच्या केंद्रात, आणि शेतीच्या कापडासाठी मुंबईच्या सस्मिरा संस्थेत चौकशी करावी. मग कागदाच्या एका बाजूस गिऱ्हाइकाचे नाव व दुसऱ्या बाजूस ते येण्याचे कारण लिहावे. कारण नित्याचे असेल तर बेताने पुढे जावे. ते साथीचे वा सरकारी नियमाचे असेल, तर एका वर्षाच्या कमाईत फिटेल त्याहून अधिक कर्ज काढू नये, आणि नातलगास जामीन राहण्यास सांगू नये.