दुखणं थांबलं म्हणून थांबू नकोस

अगं, पेनकिलर घेतली की बोटं मोकळी होतात, मग डॉक्टरांनी लिहून दिलेली मेथोट्रेक्सेट कशाला, असं तुला वाटतंय ना? ते कॅन्सरचंही औषध आहे हे वाचून तू घाबरलीस, हेही कळतंय मला. पण नीट ऐक.

आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजून जाड होतं आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी रसायनं सोडत राहतं. ती पोचली की अस्तरातल्या आणि खुद्द कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीतल्या, पेशीसुद्धा कूर्चा तोडणारी एन्झाइम्स बनवायला लागतात. आजीचे गुडघे वयानं गेले, तसं हे नाही गं.

कूर्चेतलं आधी जातं ते ॲग्रिकॅन. भिजवलेल्या साबुदाण्यासारखं ते पाणी धरून ठेवतं, म्हणून कूर्चा दाब सोसते. सूज लवकर आटोक्यात आली तर पेशी ते पुन्हा बनवू शकतात. पण नंतर एमएमपी-१३ सारखी एन्झाइम्स कोलॅजेनच्या जाळीला हात घालतात, आणि मोठेपणी ती जाळी तुटली की पुन्हा तशी विणली जात नाही. मला खरी धास्ती याची आहे, कारण कूर्चेत नसाच नसतात. ती तुटताना तुला कळणारही नाही. दुखतं ते भोवतालचं अस्तर आणि हाड. पेनकिलर तेवढं शांत करते, आतली तोडफोड चालूच राहते.

म्हणून पहिले काही महिने फार मोलाचे. निरगुडीचा शेक घे, बरं वाटेल, पण त्यावर विसंबून राहू नकोस.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, कॅलेंडरवर वार लिहून ठेव. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोबत फोलिक ॲसिड, आणि सांगतील तेव्हा रक्ततपासणी. गुण यायला काही आठवडे लागतात, धीर सोडू नकोस. बाळाचा विचार असेल तर लाजू नकोस, डॉक्टरांना आधीच सांग. ही गोळी काही महिने अगोदर बंद करावी लागते.

आणि एवढ्यानं भागलं नाही तरी पुढचे उपाय आहेत. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनला टीएनएफ रोखणारं औषध आमवाताच्या रुग्णांना दिलं, तेव्हापासून कितीतरी जणींचे हात वाकडे होण्यापासून वाचलेत.

या आठवड्यातच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घे. अँटी-सीसीपी या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि हातांचे एक्स-रे घेऊन जा, आणि सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते आजपासून लिहून ठेव. मी येते सोबत.