नागली सोडावी काय?

प्रश्न : वरचेवर पोट फुगते. ‘आतडे गळते आहे, धान्य सोडा,’ असे पुतण्या म्हणतो. नागलीही सोडू काय?
– एक वाचक, सुरगाणा

उत्तर : काळजी नसावी. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल करणारे झोन्युलिन हे प्रथिन डॉ. अलेसिओ फसानो यांच्या संशोधनातून २००० साली पुढे आले, हे खरे. परंतु तेवढ्यावरून ‘गळते आतडे’ हा स्वतंत्र रोग सिद्ध होत नाही. धान्याचे म्हणाल, तर सीलिअ‍ॅक या आतड्याच्या रोगात बाधणारे ग्लुटेन गव्हात असते, नागली-वरईत नसते. सबब भाकरी खुशाल खावी. गहूही सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीपूर्वी सोडू नये, निदान चुकते. आणि तो रोग निघालाच, तर गिरणीत गव्हामागोमाग दळलेले नागलीचे पीठही वर्ज्य समजावे. ‘गळत्या आतड्या’वरची महागडी चूर्णे तूर्त राहू द्यावीत. वजन घटल्यास वा शौचावाटे रक्त गेल्यास मात्र ग्रामीण रुग्णालय विनाविलंब गाठावे.