डोक्याला हादरा आणि रिपोर्ट नॉर्मल

अंगावर जखम दिसली नाही की फौजेत माणूस फिट धरला जातो. काश्मीरमध्ये आमच्या गाडीपुढे सुरुंग फुटला. काही वेळ मला कशाचीच शुद्ध नव्हती, नंतर कानात शिट्टी वाजत राहिली. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळ्या मिळाल्या आणि ड्यूटी सुरू झाली. खरा त्रास निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी आल्यावर जाणवला. वरातीत डॉल्बी वाजला की डोकं ठणकायचं, ट्यूबलाइट डोळ्यांत खुपायची, मध्यरात्री झोप उडायची. दुकानात गेल्यावर काय आणायला आलो तेच आठवायचं नाही. चिडचिड सगळी घरच्यांच्या वाट्याला. सीटी स्कॅन नॉर्मल, म्हणून जो तो म्हणायचा, वय झालं.

कंकशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. तो सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतो. ८ जानेवारी २०२० रोजी इराणची क्षेपणास्त्रं इराकमधल्या ऐन अल-असद तळावर पडली. एकही अमेरिकी सैनिक दगावला नाही, आणि सुरुवातीला कोणालाही इजा नाही असंच जाहीर झालं. पुढे शंभराहून अधिक जणांना मेंदूच्या दुखापतीचं निदान झालं. ‘जखम कुठे आहे ते दाखव’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

असा त्रास लांबला की माणूस मिळेल तो आधार धरतो. शहरातल्या एका केंद्रात माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि पडद्यावर मेंदूच्या लहरींचा रंगीत नकाशा दाखवला. बायोफीडबॅकनं, म्हणजे शरीराचे संकेत पडद्यावर बघून त्यांवर ताबा मिळवायला शिकवणाऱ्या पद्धतीनं, मेंदू पूर्ववत करून देतो, असं छातीठोक सांगून पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले. मान तपासली नाही, झोपेचं विचारलं नाही, चक्कर कानामुळे येते का हेही पाहिलं नाही. वर डोकेदुखीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. दुखणं इतकं बळावलं की घरच्यांनी मला रातोरात दवाखान्यात नेलं. पैसे बुडाले ते बुडालेच. पेन्शनवर चालणाऱ्या घरातून ते गेले याचा मला आजही संताप येतो. अशा लोकांमुळे एका चांगल्या उपचाराचं नाव बदनाम होतं, याचा त्याहून जास्त.

कारण बायोफीडबॅकचा मला पुढे खरोखर उपयोग झाला. न्यूरॉलॉजिस्टनी नीट तपासून माझं दुखणं बरंचसं मानेतून आणि अर्धशिशीतून येतं हे शोधलं. औषध आणि मानेचे व्यायाम सुरू केले आणि रुग्णालयातल्याच मानसोपचार विभागात पाठवलं. तिथल्या मॅडमनी कपाळावर आणि खांद्यावर छोटे सेन्सर चिकटवले. “सुभेदारसाहेब, आता अगदी निवांत बसा.” मी बसलो, पण पडद्यावरची रेघ वरच राहिली. जबडा आवळलेला, खांदे कानांकडे ओढलेले. मला वाटत होतं मी विश्राममध्ये आहे, शरीर अजून सावधानमध्येच होतं. खांदा जरा सैल सोडला की रेघ खाली यायची. हे डोळ्यांनी बघता बघता यंत्राशिवायही ताण ओळखता येऊ लागला. यंत्राचं काम एवढंच. शिकायचं आपल्याला असतं, आणि रोज घरी सराव केला नाही तर काही उपयोग नाही.

श्वासाचंही तसंच. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. या लयीत बऱ्याच जणांच्या हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार श्वासाबरोबर चालू लागतो, तो पडद्यावर दिसतो. मात्र जोर लावून खोल श्वास ओढू नका. शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर वाढते. डोळे मिटल्यावर स्फोटाची दृश्यं येत असतील तर डोळे उघडे ठेवून करा आणि तज्ज्ञांना तसं सांगा.

अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीवर बायोफीडबॅकला चांगला शास्त्रीय आधार आहे. कंकशननंतरच्या इतर तक्रारींवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं २०१७ मध्ये बायोफीडबॅकला मान्यता दिली तीसुद्धा योग, ताई ची, अ‍ॅक्युपंक्चर यांच्याबरोबर, पूरक उपचार म्हणून. तेव्हा हमखास बरं करतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. शिकवणारा कोण, त्याचं शिक्षण काय, आपल्या डॉक्टरांशी तो बोलेल का, हे आधी विचारा. पैसे प्रत्येक भेटीचे द्या. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलीक्लिनिकमधून रेफरल घ्या आणि कशाचा खर्च मिळतो ते लेखी घ्या. स्फोटानंतरचे एमआय रूमचे कागद जपून ठेवा. निदानाला आणि पेन्शनच्या दाव्यालाही तेच लागतात. त्रासाची वही घरच्यांना लिहू द्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या, फिट, हातापायात अशक्तपणा किंवा बोलण्यात जडपणा आला तर श्वास मोजत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

आणि जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते कोणाला तरी त्याच दिवशी सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीसुद्धा चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक घरच्यांच्या फोनमध्येही आजच घालून ठेवा.