संशय आणि शाबिती

ठाणे



कल्याणच्या दिवाणी न्यायालयात दाखल करावयाच्या दाव्याचा तुझा मसुदा वाचला. वसुलीची नोटीस हाती पडताच ऋणकोने डोंबिवलीतील सदनिका पत्नीस बक्षीस देऊन टाकावी, याचा तुला संताप आला हे योग्यच आहे. परंतु त्या भरात तू परिच्छेदागणिक कपटाचा उच्चार केलास आणि ते कपट कोणत्या कृतीत, कोणत्या तारखेस दिसले हे लिहावयाचे राहूनच गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशाचा चौथा नियम नेमका हाच तपशील मागतो.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 53 अन्वये धनकोंना बुडविण्याचा वा लटकत ठेवण्याचा हेतू शाबीत करण्याचा भार प्रथम तुझ्यावर आहे; तो पेलल्यानंतरच, सद्‌भावनेने आणि मोबदला देऊन मिळकत घेतली हे दाखविण्याची जबाबदारी घेणाराकडे जाते. बक्षीसपत्रात मोबदलाच नसल्याने ही दुसरी पायरी तुला सोपी आहे. खरी झुंज हेतूची. हेतू कोणी कबूल करीत नाही, तो कागदांतून काढावा लागतो. नोटिशीच्या पोचपावतीची तारीख आणि दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोनमधील नोंदणीची तारीख शेजारी ठेव. विजेचे बिल अद्याप कोणाच्या नावे येते, सोसायटीची देखभाल वर्गणी कोणाच्या खात्यातून जाते, आणि मुख्य म्हणजे सदनिका गेल्यावर ऋणकोपाशी कर्ज फेडण्याजोगे काय उरले, हे मांड. (दावा सर्व धनकोंच्या हितार्थ आहे, हे शीर्षकातच यावे.)

2019 साली गुडविन ज्वेलर्सची दुकाने बंद पडली तेव्हा डोंबिवलीचे ठेवीदार पोलिस ठाण्यात धावले, ते तुला आठवत असेल. अशा ठेवीदारांसाठी 1999 च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याचे कलम 8 आहे: वित्तीय संस्थेची मालमत्ता अपुरी पडत असून तिने काही मिळकत सद्‌भावनेने व मोबदल्याने दिलेली नाही असे मानण्यास वाजवी कारण दिसले, की न्यायालय घेणारालाच बोलावून जप्ती का होऊ नये असे विचारू शकते. तुझ्या अशिलाने मात्र स्नेह्याला हातउसने दिले आहेत. त्याला हा आधार नाही.

संक्षिप्त निवाड्याचा मोहही सोड. आदेश 13-अ हा 2015 च्या कायद्याने वाणिज्यिक वादांपुरता आला, आणि प्रतिपक्षास यशाची खरी शक्यता नसेल तेथेच तो चालतो. जेथे माणसाच्या मनातील हेतू ठरवावयाचा, तेथे उलटतपासणी टाळून मिळविलेला निकाल अपिलात टिकणे कठीण, आणि माझ्या मते तो टिकूही नये, कारण त्या पत्नीलाही आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. कैफियतीत स्पष्ट कबुली आलीच, तर बाराव्या आदेशाचा सहावा नियम हाताशी आहेच.

तोवर सदनिका तिसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून एकोणचाळिसाव्या आदेशाखाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाव्यासोबतच दाखल कर. सुधारलेला मसुदा आणि सूची क्रमांक दोनची नक्कल रविवारी घेऊन ये.

तुझा,
मामा