गाडी का लागते? – आणि कानामागची औषधी पट्टी

चोपड्याहून शिरपूरमार्गे इंदूरला जाताना सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट लागतो. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट लागतो. वळणे सुरू झाली, की एस.टी.तील काही प्रवाशांचे चेहरे उतरतात, तोंडाला पाणी सुटते आणि खिडकीकडे धाव घेतली जाते. आपण म्हणतो, 'गाडी लागली'. ही पोटाची तक्रार आहे असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तिचे मूळ कानात आहे.

पुढील प्रयोग करून पाहा. वाटीत पाणी घेऊन त्यावर चिमूटभर हळद भुरभुरवा. आता वाटी एकदम फिरवा. वाटी फिरते, पण जडत्वामुळे हळद प्रथम जागच्या जागीच राहते. वाटी फिरवीत राहिलात, तर थोड्या वेळाने पाणीही फिरू लागते. आणि वाटी थांबवली तरी पाणी क्षणभर फिरतच राहते. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात परस्परांना जवळजवळ काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाचे असेच होते. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो, तेथील सूक्ष्म केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वार्ता जाते, 'आपण वळलो'.

घाटात बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्याचे डोळे सांगतात, 'सर्व काही स्थिर आहे'. कान सांगतात, 'आपण वळत आहोत'. या विसंगत वार्तांमुळे मळमळ सुरू होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण त्याला आधीच दिसते. यातूनच साधे उपाय निघतात: पुढच्या बाजूस बसावे, दूरवर रस्त्याकडे नजर ठेवावी, वाचन करू नये, हलके खाऊन निघावे.

तरीही त्रास होणाऱ्या प्रौढांसाठी एक औषधी पट्टी असते. तिला पॅच म्हणतात. अशा प्रकारच्या पट्टीला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. तिच्यातील औषध स्कोपोलामीन. हे द्रव्य तुमच्या परिचयाच्या एका झाडात असते. महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात तो काटेरी फळाचा धोतरा! धोतऱ्यात ते इतर विषारी द्रव्यांबरोबर असते आणि त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून धोतऱ्याचे बी वा पान औषध समजून कधीही तोंडात घालू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

मग पट्टी विषारी का ठरत नाही? उत्तर मात्रेत आहे. पट्टी ७२ तासांत सुमारे १ मिलिग्रॅम औषध देते. भागाकार करा: ताशी सुमारे १४ मायक्रोग्रॅम. हा वेग विसरणाच्या नियमाने ठरतो. हा नियम १८५५ साली अॅडॉल्फ फिक यांनी मांडला. पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो. क्षेत्रफळ वाढले की वेग वाढतो, पडद्याची जाडी वाढली की कमी होतो. औषधाचा साठा आणि त्वचा यांच्यामध्ये असलेला पातळ पडदा हा हिशेब सांभाळतो. यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पट्टी कापली तर हिशेब बिघडतो. आणि उष्णतेने विसरण वाढते, म्हणून पट्टीवर शेक देऊ नये.

स्कोपोलामीन अॅसिटिलकोलीन या चेतासंदेशकाचे काम अडवते. त्यामुळे कानाची तक्रार उलटीच्या केंद्रापर्यंत पोचत नाही. परंतु हाच संदेशक लाळग्रंथी, डोळ्याची बाहुली आणि घामाच्या ग्रंथी यांनाही लागतो. म्हणून तोंड कोरडे पडते, गुंगी येते आणि घाम कमी होतो.

खानदेशातील वाचकांनी या शेवटच्या परिणामाकडे विशेष लक्ष द्यावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शरीराचे तापमान ३७ अंश. अशा वेळी उष्णता हवेतून शरीराकडे वाहते आणि तिला बाहेर काढण्याचा एकच मुख्य मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. १ ग्रॅम घाम सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. तो मार्गच अडला तर? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२५ मध्ये नेमका हाच इशारा दिला: या पट्टीमुळे शरीराचे तापमान धोकादायक वाढू शकते, विशेषतः मुलांमध्ये व वृद्धांमध्ये. पट्टी लावलेल्या माणसाचे अंग तापले आणि घाम येईनासा झाला, तर पट्टी ताबडतोब काढून डॉक्टरांकडे न्यावे.

आता वापराचे नियम. पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा विकार असल्यास तसे त्यांना सांगावे. मुलांसाठी तिला मान्यता नाही. मोठ्यांची पट्टी अर्धी कापून लहान भावंडाला लावणे हा तर घातक प्रकार. प्रवासाच्या किमान ४ तास आधी, कानामागील कोरड्या, केस नसलेल्या, जखम नसलेल्या त्वचेवर एकच पट्टी लावावी. लावल्यावर व काढल्यावर हात साबणाने धुवावेत. औषधाचे बोट डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसू लागते. पट्टी असताना वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये. गरज संपताच, आणि फार तर ३ दिवसांनी, ती काढावी. पुढे लागल्यास नवी पट्टी दुसऱ्या कानामागे लावावी. एम.आर.आय. तपासणीपूर्वीही ती काढावी लागते, कारण तिच्या पाठीवरील थरात धातू असतो. वापरलेल्या पट्टीत औषध शिल्लक असते. म्हणून चिकट बाजू आत दुमडून, लहान मुले व गुरेढोरे यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा रीतीने टाकावी.

तुम्हा विद्यार्थ्यांसाठी मात्र पुढची जागा, दूरवरची नजर आणि मिटलेले पुस्तक, हेच पहिले औषध होय. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना विचारावे; तुमच्या वयाला चालणारे औषध तेच सांगतील.