चहा सोडला की डोके का दुखते?

दौंड जंक्शनवर पहाटे गाडी थांबली की आधी ऐकू येते ती चहावाल्याची हाक. शिरूरच्या एस. टी. स्टँडवरही दिवस उजाडतो तो चहाच्या वाफेबरोबरच. आपल्याकडे कॉफीपेक्षा चहाच अधिक; पण दोन्हींतील तरतरी आणणारा पदार्थ एकच आहे. तो म्हणजे कॅफीन.

समजा, दौंडचा दहावीतला एक मुलगा अभ्यासासाठी रोज चार कप चहा घेतो. शेवटचा कप रात्री नऊला. एके दिवशी तो ठरवतो, ‘उद्यापासून चहा बंद!’ दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे कपाळ ठणकू लागते, जांभया येतात, चिडचिड होते. आई म्हणते, पित्त झाले. गुरुजींना वाटते, चष्मा लागला असावा. संध्याकाळी कपभर चहा घेताच थोड्या वेळात डोके उतरते. मुलगा म्हणतो, ‘चहा म्हणजे औषधच!’ त्याचा निष्कर्ष बरोबर आहे काय?

कॅफीनची ओळख

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे याने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. चहातील अशाच द्रव्याला १८२७ मध्ये ‘थेइन’ असे नाव मिळाले. पण ते कॅफीनच आहे, हे पुढे सिद्ध झाले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे १०, नायट्रोजनचे ४ व ऑक्सिजनचे २ अणू असतात.

रुमाल टाकून धरलेली जागा

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मज्जापेशींवरील ठरावीक जागी बसले की पेशींचे काम मंदावते आणि झोप येऊ लागते. कॅफीनच्या रेणूची ठेवण बरीचशी तशीच असल्याने ते त्याच जागा अडवते. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच! रुमाल प्रवासी नव्हे, पण खऱ्या प्रवाशाला बसू देत नाही. म्हणजे चहाने थकवा जात नाही. तो फक्त जाणवत नाही.

रोज असे होऊ लागले की मेंदू अशा जागांची संख्या वाढवतो. मग तेवढ्याच तरतरीसाठी जास्त चहा लागतो. अचानक चहा बंद केला, की सगळे रुमाल एकदम उचलले जातात आणि वाढलेल्या सर्व जागांवर ॲडेनोसीन बसते. मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोके दुखते. हा त्रास १२ ते २४ तासांत सुरू होतो आणि दोन ते नऊ दिवसांत आपोआप थांबतो. कडक उपवासाच्या दिवशी चहाही न घेणाऱ्यांचे डोके दुखते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

तेव्हा मुलाचा निष्कर्ष चुकला. जे दुखणे चहाच्या सवयीने आणले, तेच चहाने तात्पुरते थांबवले.

थोडे गणित

शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. एका कपात ४० मिलिग्रॅम कॅफीन आहे असे धरू. रात्री नऊच्या कपातील २० मिलिग्रॅम दोन वाजता आणि १० मिलिग्रॅम सकाळी सातला उरतील. मग गाढ झोप कशी लागावी? आणि झोपेवाचून केलेले पाठांतर टिकावे कसे?

मुलांनी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सुचवले. मुलाचे वजन ४५ किलो असेल, तर मर्यादा १३५ मिलिग्रॅम होते. चार कपांचे १६० होतात!

सवय कशी सोडावी?

एकदम नव्हे, पायरीपायरीने. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा. सुरुवात रात्रीच्या कपापासून. मेंदूतील वाढलेल्या जागा हळूहळू कमी होतात व त्रास फारसा होत नाही. हाताला कपाची सवय असतेच. तेव्हा त्या वेळी चहापत्ती न घालता गवती चहाचा काढा घ्यावा. हा नावाचाच चहा. त्यात कॅफीन नसते. मात्र डोकेदुखी दहा दिवसांनंतरही राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे.

करून पाहा

१. सात दिवस रोज घेतलेले चहाचे कप, शेवटच्या कपाची वेळ आणि झोप लागल्याची वेळ वहीत नोंदवा.

२. वर्गातील सर्वांच्या नोंदींवरून आलेख काढा. शेवटचा कप आणि झोप यांत काही संबंध दिसतो का?

३. वरील उदाहरणातील मुलाने दुपारी चारला आणखी एक कप घेतला होता. रात्री नऊचा कप पिताच त्याच्या शरीरात या दोन कपांचे मिळून किती कॅफीन असेल?

(उत्तर : २० + ४० = ६० मिलिग्रॅम)